‘लोक’ आणि ‘वापरकर्ता’ : सहनिर्मित आशयाच्या स्वामित्वाचा एक इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

संगणकीय जाळ्यावर उभ्या राहिलेल्या आभासी जगांत प्रवेश करणारी माणसे तेथे केवळ खेळत नाहीत. ती घरे बांधतात, पात्रे घडवितात, वेष आणि वस्तू रचतात. क्वचित मूळ खेळाच्या पोटात एक संपूर्ण नवा खेळही उभा करतात. या निर्मितीस ‘वापरकर्त्याने निर्मिलेला आशय’ असे नाव रूढ झाले आहे. तिचे स्वामित्व कोणाचे, आणि तिच्यात इतरांच्या कृतींचा जो उपयोग होतो तो ‘रास्त’ कधी मानावा, हा प्रश्न गेल्या पाव शतकात कायदेपंडितांनी बराच चर्चिला आहे. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र तो तंत्रज्ञानाच्या प्रांतातला, म्हणून परका वाटण्याचा संभव असतो.

प्रस्तुत लेखात ही परकेपणाची समजूत तपासून पाहावयाची आहे. एकाने उभारलेल्या चौकटीत अनेकांनी रचना करावी आणि ती रचना पुढे लेखनाने, मुद्रणाने वा ध्वनिमुद्रणाने स्थिर करणाऱ्याच्या खाती जमा व्हावी, हा प्रकार वाङ्मयाच्या आणि प्रयोगकलांच्या इतिहासात जुना आहे. त्याचा मागोवा घेण्यासाठी रायपूर हे शहर विशेष सोयीचे ठरते. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्यामुळे मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी या तीन भाषांचा शेजार येथे घडला. याच शहरात एका मराठीभाषक संपादकाने भाषांतराचा मोठा व्यवहार केला आणि याच शहरात जन्मलेल्या एका दिग्दर्शकाने लोकनाट्याच्या कलावंतांसह आधुनिक रंगभूमी घडविली.

या लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : ‘लोक’ ही संज्ञा विसाव्या शतकात जे कार्य करीत होती, तेच कार्य एकविसाव्या शतकात ‘वापरकर्ता’ ही संज्ञा करते. ज्याचे नाव सांगता येते अशा कर्त्याचे या संज्ञेमुळे निनावी समूहात रूपांतर होते, आणि निनावी समूहाची निर्मिती कोणीही आपली म्हणू शकतो. म्हणून रास्त वापराची चर्चा परवानगी आणि मोबदला यांपाशी थांबविणे पुरेसे नाही. नामनिर्देशाचा प्रश्न तिच्या केंद्रस्थानी आणावा लागतो.

२. मराठी परंपरेतील नाममुद्रा

मुद्रणपूर्व काळात स्वामित्वाची कायदेशीर कल्पना नव्हती, यावरून त्या काळी कर्तृत्वाविषयी बेफिकिरी होती असा निष्कर्ष काढला जातो. मराठी परंपरा या निष्कर्षाला दुजोरा देत नाही. अभंगाच्या अखेरच्या चरणात येणारी नाममुद्रा हे कर्तृत्वाचे विधान असते. ती मालमत्तेचा दावा मात्र करीत नाही. अभंग कोणीही गावा, कीर्तनात कोणीही त्याचे निरूपण करावे, वहीत उतरवून घ्यावा. कवीचे नाव रचनेतच विणलेले असल्याने ते तिच्याबरोबर प्रवास करते.

ही व्यवस्था निर्दोष नव्हती. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या उत्तरकालीन कवीच्या रचना मिसळल्या आणि त्या वेगळ्या काढणे अभ्यासकांसाठी दीर्घ काळ कसोटीचे काम झाले. ख्रिश्चन नोवेत्स्के यांनी २००८ मधील आपल्या ग्रंथात नामदेव परंपरेतील कर्तृत्वाकडे सामूहिक स्मृतीचा एक प्रकार म्हणून पाहिले आहे. एक नाव हे अनेकांनी लिहिण्याचे स्थान होऊ शकते, हे त्यातून ध्यानात येते. येथे नाव विस्तारते, पण पुसले जात नाही.

पेशवाईच्या अखेरच्या काळातील शाहिरीत याहून बोलके उदाहरण आढळते. होनाजी बाळा हे नाव सामान्य वाचक एका व्यक्तीचे समजतो. वस्तुतः कवने रचणारा होनाजी शिलारखाने आणि ती गाणारा बाळा करंजकर अशी ही दोन माणसे. रचनाकार आणि गायक यांचे कर्तृत्व एका जोडनावात बांधण्याची ही रीत विशेष लक्षणीय आहे. सादर करणाऱ्याचा वाटा रचनेच्या ओळखीतच मान्य करण्याची ही बाब आधुनिक कायद्याला १९९४ पर्यंत जमली नव्हती.

संगीत नाटकाने आणखी एक संकेत रुजविला. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. त्यानंतरच्या नाट्यसंहितांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गीताचा निर्देश छापण्याची पद्धत सर्वपरिचित झाली. नाटककार दुसऱ्याची चाल घेई आणि ती कोठून घेतली हे छापून सांगे. गायकाच्या सोयीसाठी पडलेल्या या प्रघाताने उसनवारीची नोंद आपोआप ठेवली. आजच्या परिभाषेत बोलायचे तर रास्त वापराची ही एक देशी रीत होती. तिच्यात परवानगी वा मोबदला यांची अट नव्हती. उगम मात्र सांगितला जाई.

३. माधवराव सप्रे आणि भाषांतराचा मोकळा प्रदेश

परंपरेतून आलेला हा नामनिर्देश मुद्रणाच्या युगात कसा टिकला, हे रायपूरच्या संदर्भात माधवराव सप्रे यांच्या कार्यावरून पाहता येते. सप्रे यांचा जन्म १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. त्यांचे शिक्षण बिलासपूर व रायपूर येथे झाले आणि १९२६ मध्ये रायपूर येथेच त्यांचे निधन झाले. मातृभाषा मराठी असलेल्या या लेखकाने जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. १९०७ मध्ये नागपूरहून त्यांनी ‘हिंदी केसरी’ काढला. समर्थांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत आणले.

हा सर्व व्यवहार कोणत्या कायद्याच्या छायेत चालला होता, हे पाहणे उद्बोधक आहे. कंपनी सरकारचा १८४७ चा कायदा पुस्तकांच्या पुनर्मुद्रणाला मज्जाव करी, पण भाषांतराविषयी मौन बाळगून होता. या मौनाचा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाने १८९५ मध्ये मॅकमिलन कंपनीच्या एका खटल्यात, भाषांतर हा मूळ ग्रंथाच्या हक्काचा भंग होत नाही, असा लावला. १९१४ च्या भारतीय कायद्याने परिस्थिती बदलली, पण अंशतःच. मूळ कृती प्रसिद्ध झाल्यापासून दहा वर्षेपर्यंत भाषांतराचा अनन्य हक्क लेखकाकडे राहील. त्या मुदतीत ज्या भाषेत त्याने अधिकृत भाषांतर केले वा करविले, त्या भाषेपुरता तो हक्क पुढेही टिकेल. अन्य भाषांत मात्र तो संपेल, अशी ती तरतूद होती. भारतीय भाषांनी एकमेकींकडून घ्यावे, ही गरज या तरतुदीमागे स्पष्ट दिसते.

‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये, म्हणजे हा कायदा होताच प्रसिद्ध झाले. सप्रे यांचे हिंदी रूपांतर त्यापाठोपाठ आले. एका कर्त्याने उभारलेल्या वैचारिक जगात दुसऱ्याने प्रवेश करून त्याची नवी आवृत्ती सिद्ध करावी, असा हा प्रकार. त्यात मूळ लेखक आणि अनुवादक ही दोन्ही नावे शेजारी उभी राहिली. ‘दासबोधा’च्या बाबतीत तर कोणाच्याच परवानगीचा प्रश्न नव्हता; तरीही समर्थांचे नाव कोठे गेले नाही. कायदा सैल होता, पण लिखित वाङ्मयाच्या क्षेत्रात कर्त्याच्या नावाची चाड पक्की होती. ही चाड लिखित शब्दाच्या बाहेर उभ्या असलेल्या कलावंतांपर्यंत पोहोचली काय, हा पुढील प्रश्न होय.

४. नाचा, नया थिएटर आणि स्थिरीकरणाची अट

छत्तीसगढच्या ‘नाचा’ या लोकनाट्यातील विनोदी प्रवेशांना ‘गम्मत’ म्हणतात. विदर्भातील ‘खडी गंमत’ आठवल्याशिवाय मराठी वाचक हा शब्द ऐकू शकत नाही. काही अभ्यासक या नातेसंबंधाचा धागा मराठा छावण्यांपर्यंत नेतात. या गम्मतीला लिखित संहिता नसते. कथेचा सांगाडा ठाऊक असतो. संवाद, कोट्या आणि प्रसंग नट रंगमंचावर रचतो, आणि प्रेक्षकांच्या प्रतिसादावर त्यांची लांबीरुंदी ठरते. राजनांदगाव परिसरातील रवेली येथील दाऊ मंदराजी यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस नाचाची संघटित मंडळी उभी केली, तेव्हाही रचनेचे हे तत्त्व कायम राहिले.

हबीब तन्वीर यांचा जन्म रायपूर येथे १ सप्टेंबर १९२३ रोजी झाला. १९५८ मध्ये ‘मिट्टी की गाडी’साठी त्यांनी मदनलाल, ठाकूर राम, भुलवाराम, लालूराम आदी सहा नाचा कलावंतांना दिल्लीस नेले. १९५९ मध्ये ‘नया थिएटर’ची स्थापना झाली. नटांना आपल्या हिंदी संवादांच्या साच्यात बसविण्याचा प्रयत्न फलदायी ठरत नाही, हे पुढील वर्षांत त्यांच्या ध्यानात आले. १९७३ मध्ये रायपूर येथे घेतलेल्या कार्यशाळेतून ‘गाँव के नाम ससुराल, मोर नाम दामाद’ हे नाटक सिद्ध झाले. ‘छेरछेरा’, ‘बुढवा बिवाह’ आणि ‘देवार-देवारिन’ ही तीन पारंपरिक प्रहसने त्यात एकत्र गुंफली होती, आणि त्यांचा मजकूर नटांच्या उत्स्फूर्त रचनेतून आला होता. १९७५ चे ‘चरणदास चोर’ विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेवरून आलेले. त्यात सतनामी पंथाची पंथी गीते व नृत्ये आली, स्थानिक कवींनी गीते रचली, आणि नटांनी संवाद घडविले. या नाटकाला १९८२ मध्ये एडिंबरा येथे ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार मिळाला.

येथे कर्ता कोण? देथा, तन्वीर, गीतकार, नट, की पंथी गाणारा समाज? तन्वीर यांनी आपल्या नटांचे ऋण वेळोवेळी मान्य केले होते, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या सचोटीविषयीचा नाही. तो कायद्याच्या रचनेविषयीचा आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमात नाट्यकृतीची व्याख्या करताना तिची दृश्यरचना वा अभिनयरूप लेखनाने किंवा अन्य प्रकारे स्थिर झालेले असावे, ही अट आहे. ‘संयुक्त कर्तृत्वा’साठी एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून निराळा काढता येऊ नये, अशी दुसरी अट आहे. रात्रीच्या प्रयोगात सुचलेली कोटी पुढे संहितेत लिहिली गेली की ती स्थिर होते. पण लिहिणारा निराळा असतो, आणि छापील पुस्तकावर त्याचे नाव येते. मराठीतही असे घडले आहे. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ची १९६५ पासूनची कीर्ती दादा कोंडके यांच्या रंगमंचावरील भरीवर किती उभी होती, हे त्या प्रयोगांचे प्रेक्षक जाणतात. छापील संहितेत ती भर कितीशी सापडणार?

सादरकर्त्यांचे हक्क भारतीय कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आले. त्यांच्या व्याख्येत अभिनेता, गायक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, बाजीगर आणि गारुडीही आहेत. ही उदारता कौतुकास्पद होय. २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्यांना नाव सांगितले जाण्याचा नैतिक अधिकारही दिला. मात्र त्याच दुरुस्तीत एक परंतुक आहे. चित्रपटातील ज्याचे काम किरकोळ स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या नेहमीच्या रीतीनुसार ज्याचा निर्देश श्रेयनामावलीत होत नाही, तो विकृतीकरणाविरुद्धच्या संरक्षणापुरताच सादरकर्ता गणला जाईल. नाव छापले जात नाही म्हणून हक्क नाही, आणि हक्क नाही म्हणून नाव छापण्याचे बंधन नाही, असे हे वर्तुळ आहे.

‘चरणदास चोर’च्या इतिहासात आणखी एक घटना नोंदवावी लागते. तन्वीर यांचे ८ जून २००९ रोजी निधन झाले. त्याच वर्षी सतनामी समाजातून आलेल्या आक्षेपानंतर छत्तीसगढ शासनाने या नाटकाचे पुस्तक शालेय वाचन उपक्रमातून वगळले. या निर्णयावर सर्जनस्वातंत्र्याच्या बाजूने टीका झाली आणि ती योग्यच होती. तथापि ज्या समाजाची गीते व नृत्ये नाटकाचा प्राण झाली, त्या समाजाला आपले त्या कृतीशी असलेले नाते सांगण्यासाठी हरकतीखेरीज दुसरी भाषा उपलब्ध नव्हती, हेही या प्रकरणातून दिसते. नाते मान्य करणारी रीत नसेल, तर ते बंदीच्या मागणीच्या रूपाने प्रकट होऊ शकते.

५. ‘पारंपरिक’ या शब्दाची किंमत

वरील विवेचन नाट्यसंहितेपुरते होते. गीताच्या बाबतीत प्रश्न अधिक उघड होतो. फेब्रुवारी २००९ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘दिल्ली-६’ या हिंदी चित्रपटातील ‘ससुराल गेंदा फूल’ हे गीत देशभर गाजले. चित्रपटाचे संगीत ए. आर. रहमान यांचे आणि गीते प्रसून जोशी यांची. या गीताचे मूळ छत्तीसगढी लोकगीतात आहे, हे सर्वश्रुत झाले. रायपूरकरांच्या दृष्टीने गोष्ट येथे संपत नव्हती. १९७० च्या दशकात हे गीत रायपूरच्या जोशी भगिनींनी गायले होते, त्याचे शब्द गंगाराम शिवारे यांचे आणि चाल भुलवाराम यादव यांची, अशी नावे रायपूरच्या कलावर्तुळातून आणि वृत्तपत्रांतून पुढे आली. १९५८ मध्ये तन्वीर यांच्याबरोबर दिल्लीस गेलेल्या सहा कलावंतांतील भुलवाराम ते हेच. म्हणजे ‘लोक’ या शब्दाआड रायपूरला परिचित असलेली, नावे घेता येतील अशी माणसे होती.

अकरा वर्षांनी जवळजवळ त्याच नावाच्या दुसऱ्या गीताबाबत हेच घडले. मार्च २०२० मध्ये गायक बादशाह यांचे ‘गेंदा फूल’ प्रसिद्ध झाले. त्यातील बंगाली ओळींचा निर्देश प्रारंभी ‘बंगाली लोकगीत’ एवढाच होता. बीरभूम जिल्ह्यातील रतन कहार हे त्या गीताचे कर्ते हयात असल्याचे श्रोत्यांनी दाखवून दिले. १९७६ मध्ये स्वप्ना चक्रवर्ती यांच्या आवाजात हे गीत ध्वनिमुद्रित झाले होते. वाद झाल्यावर बादशाह यांनी कहार यांचे ऋण मान्य केले आणि त्यांना पाच लाख रुपये दिल्याचे वृत्त आले. २०२४ मध्ये कहार यांना पद्मश्री मिळाली.

दोन्ही प्रकरणांत दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. ‘पारंपरिक’ हा शब्द लिहिणारा बहुधा प्रामाणिकपणेच लिहितो. मात्र हा शब्द एक निश्चित कायदेशीर परिणाम घडवितो. कर्ता अज्ञात ठरला की हक्काची मुदत कोणाच्या मृत्यूपासून मोजावी हे ठरत नाही. कृती सार्वजनिक ठरते. आणि तिच्या नव्या ध्वनिमुद्रणावर मात्र नवा, सज्ञात, संपूर्ण हक्क उभा राहतो. १९६७ मध्ये स्टॉकहोम येथे बर्न करारात अज्ञातकर्तृक अप्रकाशित कृतींसाठी राष्ट्रीय प्राधिकरणाची तरतूद केली गेली, तीही कर्ता अज्ञात आहे हे गृहीत धरूनच. जेथे कर्ता ज्ञात असूनही विचारला जात नाही, तेथे ही तरतूद काय करणार?

६. आभासी जगांतील रचनाकार

आता ज्या क्षेत्रापासून विवेचनाला प्रारंभ केला त्याकडे वळू. नाचाचा नट आणि आभासी जगातील खेळाडू यांच्यातील साम्य केवळ अलंकारिक नाही. दोघेही दुसऱ्याने उभारलेल्या मांडवात रचना करतात, दोघांचीही रचना सहभागातून सिद्ध होते, आणि तिचे स्थिरीकरण दोघांच्याही हाती नसते. नाट्यमंडळीत ते संहितालेखकाच्या हाती असते. आभासी जगात ते कंपनीच्या संगणकावर होते.

‘सेकंड लाइफ’ हे आभासी जग जून २००३ मध्ये खुले झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लिंडेन लॅब या कंपनीने, तेथे रहिवाशांनी निर्मिलेल्या वस्तूंचे बौद्धिक स्वामित्व त्यांचेच राहील, असे जाहीर केले. ‘वापरकर्त्या’ऐवजी ‘रहिवासी’ हा शब्द वापरण्यातही एक भूमिका होती. परंतु हक्क कागदावर असला तरी अनुकरण सोपे होते. नोव्हेंबर २००६ मध्ये ‘कॉपीबॉट’ नावाच्या उपकरणाने इतरांच्या वस्तूंच्या प्रती निघू लागल्या, तेव्हा तेथील दुकानदारांनी निषेध म्हणून आपली दुकाने बंद ठेवली.

विरुद्ध दिशेचा खटला २००४ मध्ये अमेरिकेत उभा राहिला. ‘सिटी ऑफ हीरोज’ या खेळात खेळाडू आपापले पात्र रचू शकत. त्यांतील काही पात्रे आपल्या चित्रकथांतील नायकांसारखी दिसतात, म्हणून मार्व्हल कंपनीने खेळाच्या चालकांवर दावा लावला. पुरावा म्हणून सादर केलेल्या काही पात्रांची निर्मिती फिर्यादी पक्षानेच केली असल्याचे निष्पन्न होऊन तो भाग न्यायालयाने वगळला. २००५ च्या अखेरीस तडजोड झाली. मुलाने आवडत्या नायकासारखा वेष धारण करणे ही चोरी की खेळ, हा मूळ प्रश्न मात्र निकालाविना राहिला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे उदाहरण ‘डोटा’ या खेळाचे आहे. ब्लिझार्ड कंपनीच्या २००२ मधील ‘वॉरक्राफ्ट ३’ या खेळात खेळाडूंना स्वतःचे नकाशे रचण्याची साधने दिली होती. ‘यूल’ या टोपणनावाच्या एका खेळाडूने त्यांच्या साह्याने ‘डिफेन्स ऑफ द एन्शंट्स’ हा नकाशा रचला. इतरांनी त्यात भर घातली, आणि त्यातून एक संपूर्ण नवा क्रीडाप्रकार जन्मास आला. २००४ मध्ये यूलने या रचनेची नवी रूपे काढण्यास सर्वांना मोकळीक दिली. त्याने अपेक्षा व्यक्त केली ती एकच : नव्या नकाशाच्या श्रेयनामावलीत आपला उल्लेख असावा. पुढे या नावाभोवती मोठे व्यापारी हितसंबंध गोळा झाले. ब्लिझार्ड आणि व्हॉल्व्ह या कंपन्यांतील वाद २०१२ मध्ये मिटला. त्यानंतर या दोघींनी मिळून अन्य कंपन्यांविरुद्ध चालविलेल्या खटल्यात, यूलच्या त्या निवेदनाने त्याचे हक्क संपुष्टात आले काय, आणि अनेक हातांनी घडलेल्या या कृतीचे कर्ते कोण, हे प्रश्न २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयासमोर आले. न्यायाधीशांनी त्यांचा निर्णय प्राथमिक टप्प्यावर करण्यास नकार दिला.

यूल हे टोपणनाव आणि अभंगाच्या अखेरची नाममुद्रा यांच्यात काळाचे आणि आशयाचे मोठे अंतर आहे. तरीही दोहोंमागील वृत्ती एकच आढळते : रचना सर्वांची असू द्या, नाव राहू द्या. या वृत्तीला उद्योगाने दिलेले उत्तर जानेवारी २०२० मध्ये दिसले. ‘वॉरक्राफ्ट ३’ची नवी आवृत्ती आली त्या वेळच्या नियमावलीत, खेळाडूंनी रचलेले सर्व खेळ ही कंपनीची अनन्य मालमत्ता राहील, आणि कायद्याने शक्य तेथवर खेळाडू आपले नैतिक अधिकारही सोडून देत आहेत, अशी कलमे होती. ज्याने केवळ नाव मागितले, त्याच्या वारसांकडून नाव मागण्याचा अधिकारही आधीच लिहून घेण्यात आला.

७. रास्त वापर आणि नामनिर्देश

‘रास्त वापर’ ही कल्पना दोन रूपांत आढळते. अमेरिकेत न्यायमूर्ती स्टोरी यांच्या १८४१ च्या निर्णयापासून ती विकसित झाली, आणि १९७६ च्या कायद्यात वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेला अंश आणि बाजारपेठेवरील परिणाम असे चार निकष नमूद झाले. भारतात ब्रिटनच्या १९११ च्या कायद्यातून ‘रास्त व्यवहारा’ची संकल्पना आली. आज अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये खासगी उपयोग व संशोधन, टीका वा परीक्षण, आणि चालू घडामोडींचे वृत्त असे मर्यादित हेतू सांगितले आहेत. खेळाडूने रचलेला नकाशा वा पात्र यांतील कोणत्या कप्प्यात बसेल, हे सांगणे अवघड आहे.

अमेरिकेच्या चार निकषांत मूळ कर्त्याचे नाव सांगितले की नाही हा निकष नाही, ही बाब साहित्याभ्यासकाला खटकावी. आपल्या व्यवहारात उद्धरण आणि वाङ्मयचौर्य यांतील भेद मुख्यतः नामनिर्देशावर ठरतो. कॅनडाने २०१२ मध्ये केलेली तरतूद या दृष्टीने उल्लेखनीय आहे. प्रसिद्ध कृतींचा उपयोग करून व्यक्तीने अव्यापारी हेतूने नवी कृती रचल्यास तो भंग मानू नये, असे ही तरतूद सांगते. पण वाजवी असेल तेथे मूळ कृतीचा व कर्त्याचा उगम सांगितला पाहिजे, अशी अट घालते. संगीत नाटकाच्या छापील पदावरील ‘चाल’ येथे आधुनिक कायद्याच्या वेषात पुन्हा भेटते.

भारतीय कायद्यात या विचाराला आधार आहे. कलम ५७ नुसार हक्क विकल्यानंतरही लेखकाचा कर्तृत्वाचा दावा आणि विकृतीकरणाविरुद्धचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवरील चित्रपटाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये या कलमाचा व्यापक अर्थ लावला. हाच दृष्टिकोन आभासी जगांना लागू केल्यास, स्वामित्व चालक कंपनीकडे राहिले तरी रचनाकाराचे नाव पुसता येणार नाही, असा मध्यम मार्ग निघू शकतो. संगणकावर घडलेल्या रचनेच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणे शक्य असते. नाचाच्या मांडवात ते शक्य नव्हते. त्यामुळे कर्ता सापडत नाही, ही सबब या क्षेत्रात टिकत नाही.

या भूमिकेवर एक आक्षेप संभवतो. नामनिर्देशाने पोट भरत नाही. भुलवाराम यादव वा रतन कहार यांना नावाबरोबर मोबदलाही मिळावयास हवा होता. आक्षेप रास्त आहे. तथापि इतिहासाचा क्रम पाहता मोबदल्याची वाट नावावरून जाते. कहार यांचे नाव श्रोत्यांनी घेतले, म्हणूनच पुढील सारे घडले. ज्याचे नाव नोंदले नाही, त्याला पैसे देण्याची इच्छा असूनही ते कोणाला द्यावेत हे कळत नाही.

८. समारोप

मिशेल फुको यांनी १९६९ मधील आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात ‘लेखक’ हे संहितांच्या वर्गीकरणाचे व नियंत्रणाचे एक कार्य असल्याचे प्रतिपादन केले. तौलनिक साहित्याच्या अभ्यासात या विचाराचे स्वागत झाले, आणि लेखकाच्या एकाधिकाराविषयी साशंक असणे हे विवेकाचे लक्षण मानले गेले. रायपूरचा इतिहास या साशंकतेला एक पुरवणी जोडतो. ज्यांना लेखकपद कधी मिळालेच नाही, त्यांच्या बाबतीत लेखकाचा अस्त साजरा करणे फार सोपे असते. गम्मत रचणारा नट, पंथी गाणारा समाज, गीताला चाल देणारा भुलवाराम आणि नकाशा रचणारा यूल यांना लेखकाचा एकाधिकार हवा होता, असे दिसत नाही.

तौलनिक अभ्यासकाकडे येथे एक व्यवहार्य काम येते. लोकसाहित्याच्या संग्रहांत, ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर आणि विद्यापीठीय प्रकाशनांत ‘पारंपरिक’ असा शेरा जेथे आहे, तेथे गायकाचे, सांगणाऱ्याचे, गावाचे आणि वर्षाचे नाव शोधून नोंदविणे हे ते काम होय. छत्तीसगढातील आणि विदर्भातील १९७० च्या दशकातील मंडळींचे काही कलावंत आज वार्धक्यात आहेत. त्यांच्याकडून ही नावे मिळविण्याची मुदत कोणत्याही कायद्यातील मुदतीपेक्षा कमी आहे.